मोडीचा वर्ग : सहाशे रुपयांत काय काय मिळालं

इनामाची सनद निघाली नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडच्या बिस्किटाच्या डब्यात चौदा कागद होते. त्यांत गाव नाही, शेत नाही, सरकारी शिक्कासुद्धा नाही. तेव्हा जुने कागद वाचता आले की नशीब उघडेल, अशा हिशेबानं कोणी मोडी शिकायला निघालं असेल तर त्यांनी सहाशे रुपये वाचवावेत. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

गेल्या जानेवारीत बडोद्यातल्या एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात दहा दिवसांची मोडी लिपीची कार्यशाळा झाली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तक्रारी करणार आहे, आणि त्या माणसांकडे माझं आता येणं-जाणं आहे. रोज दुपारी दोन ते पाच. विद्यार्थ्यांना दोनशे, बाहेरच्यांना सहाशे. मी बाहेरची. पोस्टात बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त सॉर्टिंगला. गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी, चारही लिप्यांतले पत्ते वाचले. डॉक्टरांनी लिहिलेले, पावसात भिजलेले, 'दांडिया बाजार, मारुतीजवळ' एवढंच लिहिलेले (दांडिया बाजारात मारुती किती आहेत ते मोजून बघा). त्यामुळे वाईट अक्षर ही आपली जहागीर, अशा तोऱ्यात मी गेले होते. तो तोरा चौथ्या दिवशी उतरला.

पहिला दिवस अख्खा उद्घाटनात गेला. दीपप्रज्वलनाला काडी पेटेना कारण पंखा चालू, आणि पंखा बंद करायचं बटण कुठलं ते कोणालाच ठाऊक नाही. मग स्वागतगीत, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. चार भाषणं झाली, गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि शेवटी थोडी मराठी. 'ध'चा 'मा' ज्यात आला नाही असं मोडीवरचं एखादं भाषण ऐकायची माझी इच्छा होती. चारांपैकी तिघांनी तो केला. पावणेचारला कार्यक्रम संपला, तेव्हा बोरू कोणाच्या दृष्टीलाही पडला नव्हता. सहाशे रुपयांचा दहावा हिस्सा, म्हणजे माझे साठ रुपये, त्या दिवशी समईत जळले असं मी धरते.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सर आले आणि वर्ग सुरू झाला. सर खानदेशातले, कोर्टकचेरीसाठी जमिनीचे जुने कागद वाचून देण्याचं काम करतात. प्राध्यापक नाहीत, त्यामुळे प्रस्तावनेत वेळ घालवत नाहीत. फळ्यावर त्यांनी आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मोडीत ही आधी." देवनागरीत आपण अक्षर काढतो आणि मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत पानभर रेघा आधी मारून ठेवायच्या आणि अक्षरं त्यांना लटकवत जायचं. बोरू उचलायचा नाही. शब्द कुठे संपला ते सांगायचं नाही. ओळ संपली की शब्द मधेच तोडून खालच्या ओळीत न्यायचा, त्याला जोडरेघ वगैरे काही नाही. विराम नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही. शेवटचं ऐकून वर्गातल्या आम्हा चार म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते सरांनीही पाहिलं. वेलांट्यांपायी शाळेत हातावर पट्ट्या खाल्लेली पिढी आमची.

मुळाक्षरं दोन दिवसांत होतात. बाराखडी घात करते. काना लागला, मात्रा लागली की अक्षर आपला मूळ चेहराच बदलतं. आणि पुस्तिकेतली मोडी वेगळी, कागदावरची वेगळी. छापल्यासारखं कोरून काढलेलं अक्षर वाचता आलं म्हणजे मोडी आली, असं तिसऱ्या दिवशी वाटतं. चौथ्या दिवशी सरांनी पेशवेकाळातल्या एका पत्राची प्रत पुढ्यात टाकली. त्यात मला फक्त 'श्री' वाचता आलं, आणि तेही वर मधोमध होतं म्हणून.

विभागानं लावलेल्या पोस्टरवर 'दहा दिवसांत मोडी वाचा' असं लिहिलं होतं. ते खरं नाही. दहा दिवसांत मोडी *ओळखता* येते. वाचायला वर्ष लागतं, असं सर स्वतःच म्हणाले, आणि त्यांनी ते पोस्टर पाहिलंही नव्हतं.

आता माझ्या बाकाबद्दल. शेजारी नडियादची एक मुलगी होती, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. घरी गुजराती, मराठी बडोद्यात हॉस्टेलला आल्यावर कानावर पडलेली तेवढीच. मला पहिल्या दिवशी 'आंटी' म्हणाली, दुसऱ्या दिवशी मी डब्यातला खमण पुढे केला तेव्हापासून 'मासी'. मला वाटलं, या पोरीचं कसं व्हायचं, हिला तर भाषाच येत नाही.

पाचव्या दिवशी एका जमाखर्चाच्या कागदावर आम्हाला जोडीनं बसवलं. मी एक ओळ वाचली आणि अंगावर काटा आला. "गुलशेर! पठाण आहे कोणीतरी!" माझ्या डोळ्यांपुढे घोडा, दाढी, तलवार सगळं उभं राहिलं. मुलगी मान खाली घालून एकेक अक्षर बोटानं दाबत होती. "मासी, ल नथी. ळ छे." मी म्हटलं, असेल, लिहिणाऱ्यानं चूक केली असेल. ती म्हणाली, "अने पछी पाच छे." पुढे पाचाचा आकडा होता. गुळ शेर ५. पाच शेर गूळ! पठाण गुळात विरघळला.

तिला भाषा येत नव्हती म्हणून ती अंदाज करत नव्हती. समोर जे अक्षर आहे तेच वाचत होती. आम्ही मराठी मंडळी पहिली दोन अक्षरं बघून तिसऱ्यावर उडी मारायचो, आणि उडी मारली की कागदात काय लिहिलंय त्याच्याशी आपला संबंध संपतो. पत्ते वाचताना हीच सवय माझ्या कामाची होती. 'राव' दिसलं की 'पुरा' लावायचं (रावपुरा ही बडोद्यातली वस्ती) आणि पिशवीत टाकायचं. मोडीत तीच सवय आडवी आली.

पण उलटंही व्हायचं. त्याच कागदावर खाली तिनं उ, प, र, णे अशी चारही अक्षरं बिनचूक लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उपर, ने?" म्हणजे 'वर, हो ना?' वर काय, कोणाच्या वर? मी हसत सुटले. उपरणं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरून यजमानांचं उपरणं नेऊन दाखवलं तेव्हा तिनं ते वहीत चित्र काढून नोंदवून ठेवलं.

तेव्हापासून आमचं ठरलं. ती अक्षर सांगणार, मी शब्द सांगणार, आणि ओळ संपेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. शेवटची अट फार जड गेली.

तारखांचा दिवस मात्र आम्हा दोघींच्याही हातून सुटला असता. मराठी कागदांवर साल सुहूर सनात असतं, आणि तेही आकड्यात नाही, अरबी शब्दांत. सरांनी फळ्यावर लिहिलं : 'सन सबा सबैन मया व अलफ'. म्हणाले, हे पाठ करावं लागेल, इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा... मागच्या बाकावर याकूतपुऱ्याचा एक मुलगा बसायचा, एरवी चकार शब्द न बोलणारा. तो हसला आणि म्हणाला, "सर, ये तो सीधी गिनती है." लहानपणी अरबी शिकलेला. सरांनी काही न बोलता खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः त्याच्या जागेवर जाऊन बसले. मला तो क्षण फार आवडला.

त्यानं उलगडून सांगितलं. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकं आधी, हजार शेवटी. झाले ११७७. मग सरांनी बसल्या जागेवरून पुढचं सांगितलं की त्यात ५९९ मिळवायचे, म्हणजे इसवी सन १७७६. सूर्य मृगात शिरला की या सनाचं नवं वर्ष लागतं, शेतकऱ्याचं वर्ष ते. म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवायचे. आणि 'छ' दिसला तर गोंधळायचं नाही. तो चंद्र, हिजरी महिन्याची तिथी. 'छ २३ जिल्काद' म्हणजे जिल्काद महिन्याचा तेविसावा चंद्र. महिन्यांचा क्रम पुन्हा त्या मुलानंच सांगितला, मोहरमपासून जिल्हेजपर्यंत, आणि आम्ही सगळ्यांनी बालवाडीसारखा त्याच्यामागून म्हटला. रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर. गायकवाडांच्या, पेशव्यांच्या कचेऱ्यांत बसून ब्राह्मण कारकून रोज हेच लिहायचे. आमच्या सासऱ्यांचे आजोबा त्यातलेच. १७३४ पासून बडोदं गायकवाडांकडे राहिलं ते थेट १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत, आणि तेवढ्या काळात दांडिया बाजारात आमच्यासारखी बोरूवर पोट भरलेली घरं बरीच झाली.

मधल्या सुट्टीबद्दल लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही, कारण माझ्या मते विभागाची खरी शिकवणी तिथेच चालते. साडेतीनला चहा. फाटकाबाहेरच्या लारीवरून किटलीतून यायचा, काचेच्या बोटभर ग्लासात. वेळ दहा मिनिटं लिहिलेला, लागायची पस्तीस. वऱ्हांड्यात एक लांब बाक आहे आणि त्याच्यासमोर नोटीस बोर्ड. त्यावर व्याख्यानाची सूचना, शिष्यवृत्तीची मुदत, 'निळा टिफिन सापडला आहे' ही किमान दोन पावसाळे पाहिलेली चिठ्ठी, आणि विद्यार्थ्यांनी हातानं लिहिलेलं भित्तिपत्रक. भित्तिपत्रकात त्या महिन्यात बडोद्यातल्या दरवाजांवर लेख होते. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. एकानं गेंडीगेटच्या नावावरून जे लिहिलं होतं ते विभागातल्या शिपाईभाईंना पटलं नव्हतं, आणि ते रोज चहाच्या वेळी त्या मुलाला पकडून तसं सांगायचे. हे भाई तीस वर्षांपासून तिथे आहेत. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, कोणाचा प्रबंध कुठल्या फडताळात आहे ते त्यांना ठाऊक. विभागप्रमुख बदलतात, भाई राहतात.

याच बाकावर एक निवृत्त प्राध्यापक रोज पेपर वाचायला येतात. घरी पेपर येतो, तरी येतात. त्यांच्याकडून मला इतिहासकार रियासतकार सरदेसायांची गोष्ट कळली. नाव ऐकून होते, पण ते आपल्या बडोद्यात नोकरीला होते हे माहीत नव्हतं. १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांना वाचून दाखवण्यासाठी आले, मग राजपुत्रांना शिकवायला लागले, आणि शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून 'रियासत' नावाचे इतिहासाचे खंड उभे राहिले. पहिला १८९८ मध्ये. निवृत्त झाले १९२५ मध्ये, आणि त्यानंतर आराम न करता पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादून काढले. मी गप्प बसून ऐकलं. मी रिटायर झाल्यावर आईच्या लोणच्यांची वही साफ लिहून काढायची ठरवली होती. ती अजून कैरीवरच आहे.

सहाव्या दिवशी वर्ग निम्म्यावर थांबला, कारण शेजारच्या खोलीत एका मुलीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. सगळा विभाग दाराबाहेर उभा, आम्हीही. तिची आई एका स्टीलच्या डब्यात सुखडी घेऊन आली होती आणि डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती. तासभर. आतून हसण्याचा आवाज आला की बाहेर सगळ्यांचा श्वास सुटायचा, शांतता झाली की पुन्हा अडकायचा. दार उघडलं, मुलगी बाहेर आली, कोणीतरी टाळी वाजवली, आणि आईनं काय केलं तर आधी डब्याचं झाकण उघडलं आणि सगळ्यात पहिला तुकडा शिपाईभाईंना दिला. मग लेकीला. त्या दिवशी पुढे मोडी झालीच नाही आणि मला एका रुपयाचंही वाईट वाटलं नाही.

चौदा-पंधरा जानेवारीला उत्तरायणाची सुट्टी होती. हॉस्टेलच्या मुलांना गच्ची कुठली? मी म्हटलं, आमच्याकडे या. अकरा जणं आली, सर पण आले. उंधियू बाहेरून आणलं, तिळगूळ घरचा. नडियादच्या मुलीनं पतंगाच्या कागदावर ठसठशीत मोडीत 'लपेट' (दुसऱ्याचा पतंग कापला की मारायची गुजराती आरोळी) लिहिलं आणि तो पतंग दुसऱ्याच पेचात कापला गेला. घडियाळी पोळेच्या बाजूला कुठेतरी पडला असेल. ज्याला मिळाला त्याला ते काय वाटलं असेल याचा आम्ही संध्याकाळपर्यंत विचार केला.

आता तक्रारी एकदाच सांगून मोकळी होते. पुस्तिका कुठल्याशा दुकानातून झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंगची दिली होती. निम्मी पानं इतकी काळी की मोडी काय आणि शाईचा डाग काय. सातव्या दिवशी माझी पुस्तिका स्पायरलमधून सुटली. बोरू मिळायला चौथा दिवस उजाडला, तोवर बॉलपेननं गिरवलं. बॉलपेननं मोडी गिरवणं म्हणजे चमच्यानं पुरणपोळी लाटणं. जाड-बारीक रेघ येतच नाही, आणि अक्षराचं वळण कळतं ते त्या जाड-बारीकवरूनच. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली ऑफिसात, ऑफिस जेवायला. हे दहा दिवसांत सहा वेळा झालं, मी मोजलं. आणि प्रमाणपत्रावर तीन बोधचिन्हं, पाच सह्या आणि माझं आडनाव चुकलेलं. बत्तीस वर्षं चुकीच्या पत्त्यांची पत्रं योग्य घरी पोचवली, आणि माझंच नाव चुकावं. दुरुस्त करून देतो म्हणाले. अजून देताहेत.

समारोप पुन्हा लांबला. पण सेव-उसळ चांगली होती, तर्री वेगळ्या भांड्यात, पाव मऊ. त्यावर मी जास्त बोलत नाही.

अशा कार्यशाळेला कोण येतं असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्यात एकतीस जणं होती. विभागाची मुलं अठरा-वीस. दोघं नंदुरबारहून आले होते, नोकरीसाठी. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, ते कारण. ते दोघं सगळ्यात मन लावून शिकले आणि सगळ्यात कमी बोलले. एक वकील होते. आणि आम्ही चौघं, घरातल्या डब्यांतले कागद घेऊन आलेले. सर आम्हाला 'डबेवाले' म्हणायचे.

एक गोष्ट सर पहिल्याच तासाला बजावतात ती इथे सांगून ठेवते, मोडी शिका न शिका. अस्सल कागद पिशवीत घालून हिंडू नका. उजेडात मोबाइलनं फोटो काढा आणि तो न्या. कागद फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आमच्या सासऱ्यांनी प्रेमानं लावलेली चिकटपट्टी आता पिवळी पडून कागदासकट कडक झालीये, आणि तिच्याखालची दीड ओळ गेली ती गेलीच. सुती कापडात बांधून ठेवा. बडोद्यातल्या कोठी भागातल्या सरकारी दफ्तरखान्यात नवव्या दिवशी नेलं होतं तेव्हा कापडात बांधलेले रुमाल पाहिले. दफ्तरात गठ्ठ्याला रुमालच म्हणतात. आत पेन नेता येत नाही, पेन्सिल चालते. उघडलेल्या एका पानावर शाई सुकवायला टाकलेली वाळू अजून चिकटून होती. मान जरा तिरपी केली की चमकायची. आम्ही सगळे आळीपाळीनं मान तिरपी करत होतो.

खरं मोल कळलं ते कार्यशाळा संपल्यावर. दर बुधवारी चार ते सहा त्याच खोलीत वाचन बसतं. फी नाही, प्रमाणपत्र नाही, दीपप्रज्वलन नाही. भाई खोली उघडून देतात आणि स्वतःही बसतात. पहिल्या बुधवारी चौदा जणं होती, आता सहा-सात असतात. नडियादची मुलगी, याकूतपुऱ्याचा मुलगा, पेपरवाले प्राध्यापक, मी. सर पंधरा दिवसांतून एकदा फोनवर येतात. नियम आमच्या बाकावरचाच, फक्त आता सगळ्यांना लागू. एकानं अक्षर सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि ओळ संपेपर्यंत कोणी शब्द बोलायचा नाही. बोलला तर पुढच्या वेळचा चहा त्याचा. आतापर्यंत सर्वांत जास्त चहा मी पाजलाय.

कार्यशाळेला पाचातले तीन देईन, आणि तेही सरांमुळे. बुधवारला पाच. पण कार्यशाळेशिवाय बुधवारात बसता येत नाही, तेव्हा हिशेब तुमचा तुम्ही करा. यंदा पुन्हा जानेवारीतच घेणार आहेत असं भाई म्हणाले. ऑफिसात विचारू नका, भाईंना विचारा. आणि बोरू घरून न्या.

माझ्या चौदा कागदांपैकी नऊ वाचून झाले. सहा औषधांच्या पुड्यांचे हिशेब आहेत, कोणी वैद्य होतं की काय घरात, कोणाला ठाऊक नाही. दोन पत्रं, पैकी एकात म्हैस व्यायल्याची बातमी. आणि नववा कागद म्हणजे 'याद', कुठल्याशा मुंजीच्या वेळी बाहेर दिलेल्या भांड्यांची. पातेली ३, परात २, समई १, घंगाळ १, तांब्ये ११. पुढे काय काय परत आलं त्याची नोंद. पातेली तिन्ही आली. समई आली. तांब्ये अकराच्या अकरा. शेवटी 'बाकी येणे परात १', आणि त्याच्यापुढे एक शब्द.

तीन बुधवार त्या एका शब्दावर गेले. म आहे, काना आहे, ह आहे, री आहे. मधे एक मात्रा आहे. ती मात्रा नेमकी कानाच्या आणि ह-च्या मधोमध तरंगतेय. मी म्हणते ती ह-वर आहे. माहेरी. म्हणजे परात कोणा सुनेच्या माहेरी गेली आणि तिकडेच राहिली. मुलगी भिंग लावून म्हणते, नाही, मात्रा कानावर आहे. मोहरी. खालच्या सामानाच्या यादीचं पहिलं नाव वरच्या ओळीत आलंय.

मी म्हटलं, मोहरी असेल तर मग माप कुठे आहे? शेर, पावशेर, काहीतरी लिहिलं असतं.

ती म्हणाली, "चिकटपट्टीनी नीचे, मासी."

सरांना फोटो पाठवलाय. उत्तर यायचंय.